स्फटिकातील उणीव आणि उजेड



आजच्या विषयाचे नाव ऐकून पुष्कळांना वाटले असेल की, हा प्रयोगशाळेतल्या चार लोकांचा मामला आहे. त्याच्याशी आपला काय संबंध? म्हणून आरंभ घरातल्या दिव्यापासून करतो. आपल्या घरी जो एलईडीचा दिवा असतो, तो बिघडला की फेकून देण्यापूर्वी त्याचे पांढरे टोपण काढून पाहावे. आत एका चकतीवर पिवळ्या रंगाचे लहान लहान चौकोन दिसतील. दिवा पांढरा उजेड देतो. मग आत हा हळदीसारखा पिवळा रंग कशाला?

त्याचे उत्तर असे आहे. त्या पिवळ्या थराखाली गॅलियम नायट्राइड नावाच्या पदार्थाची चकती असते. तिच्यातून वीज गेली की ती निळा प्रकाश देते. वरची पिवळी पूड या निळ्या प्रकाशाचा काही भाग गिळते आणि त्याच्या मोबदल्यात पिवळा प्रकाश बाहेर टाकते. उरलेला निळा आणि नवा पिवळा यांच्या मिश्रणाने आपल्या डोळ्यांना पांढऱ्या उजेडाचा भास होतो. निळा दिवा शोधून काढणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना 2014 साली भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले, हे आपण वाचले असेल. परंतु त्या पिवळ्या पुडीचे नाव सहसा कोणी घेत नाही. ती आहे यट्रियम, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचा गार्नेट जातीचा स्फटिक, आणि तीत किंचित सेरियम मिसळलेले असते.

यट्रियम, सेरियम, युरोपियम, टर्बियम ही सारी ‘विरल मृदा’ या कुळातली मूलद्रव्ये. आजच्या बहुतेक दिव्यांचा आणि पडद्यांचा रंग यांच्यावर अवलंबून आहे. आणि ती शुद्ध करण्याचा धंदा बव्हंशी एका देशाच्या हाती एकवटलेला आहे. 2025 सालच्या एप्रिल महिन्यात चीनने अशा सात मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. त्यांत यट्रियम आणि टर्बियम होते. तेव्हा घरातल्या दिव्याचा रंग हा आंतरराष्ट्रीय राजकारणाचाही विषय होऊ शकतो. साहजिकच प्रश्न येतो की, टायटॅनियम, कॅल्शियम, बेरियम, ऑक्सिजन अशा मुबलक मूलद्रव्यांना स्वतःच्या बळावर उजळता येणार नाही काय? या प्रश्नाचे जे उत्तर गेल्या तीस वर्षांत हळूहळू हाती येत आहे, ते मोठे नवलाचे आहे. तेच आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

थंड उजेड

उजेडाचे ढोबळमानाने दोन प्रकार करता येतील. एक तापल्यामुळे येणारा: समईची ज्योत, लोहाराच्या भट्टीतले लाल लोखंड, जुन्या दिव्यातली तार. दुसरा न तापता येणारा: काजव्याचा उजेड या जातीचा. या दुसऱ्या प्रकाराला आपण संदीप्ती म्हणू. पदार्थाला बाहेरून ऊर्जा दिली आणि ती त्याने उष्णतेच्या रूपाने न दवडता उजेडाच्या रूपाने परत केली, की संदीप्ती झाली. ही ऊर्जा जर प्रकाशाच्याच रूपाने दिली असेल, तर तिला प्रकाश-संदीप्ती असे म्हणता येईल.

या विद्येचा आरंभ एका चांभाराने केला. सतराव्या शतकाच्या अगदी प्रारंभी इटलीतल्या बोलोन्या शहरी विन्चेन्झो काशारोलो नावाचा चांभार किमयेच्या नादाने एक जड दगड कोळशाबरोबर भाजत असे. सोने काही मिळाले नाही. परंतु भाजलेला दगड उन्हात ठेवून अंधारात आणला की तो निखाऱ्यासारखा लुकलुकू लागला. तो दगड बेरियमच्या गंधकयुक्त लवणाचा होता. पुढे 1852 साली केंब्रिज येथील जॉर्ज स्टोक्स यांनी क्विनीनच्या द्रावणावर प्रयोग करून एक महत्त्वाचा नियम सांगितला. पदार्थ जो प्रकाश गिळतो, त्यापेक्षा अधिक लांब लहरींचा, म्हणजे कमी ऊर्जेचा, प्रकाश तो परत देतो. जंबुपार किरण द्यावेत आणि निळा प्रकाश घ्यावा; निळा द्यावा आणि पिवळा घ्यावा. मधला फरक उष्णतेच्या रूपाने पदार्थात मुरतो. या व्यवहारात दलाली ही द्यावीच लागते.

पेरोव्स्काइट म्हणजे काय?

1839 साली बर्लिनचे खनिजशास्त्रज्ञ गुस्टाव्ह रोझे यांना रशियातील उरल पर्वतातून आलेल्या दगडांत एक नवे खनिज आढळले. कॅल्शियम, टायटॅनियम आणि ऑक्सिजन यांचे ते संयुग होते. लेव्ह पेरोव्स्की या रशियन सरदाराला खनिजांचा नाद होता. त्याच्या नावावरून खनिजाचे नाव पेरोव्स्काइट पडले. पुढे असे दिसून आले की, त्याच ठेवणीचे शेकडो पदार्थ आहेत. म्हणून एका दगडाचे नाव हे संबंध घराण्याचे आडनाव झाले. पृथ्वीच्या पोटात सुमारे 660 किलोमीटरांच्या खाली जे खनिज सर्वांत विपुल आहे, तेही याच घराण्यातले. त्याला 2014 साली ब्रिजमनाइट असे नाव मिळाले.

ही ठेवण समजण्यास कठीण नाही. एक चौकोनी डबी डोळ्यांपुढे आणा. डबीच्या मध्यभागी टायटॅनियमचा अणू बसला आहे. डबीच्या सहाही भिंतींच्या मध्यावर एकेक ऑक्सिजन आहे. म्हणजे टायटॅनियमच्या वर, खाली, पुढे, मागे, डावीकडे आणि उजवीकडे असे सहा शेजारी झाले. या सहांना रेषांनी जोडले की आठ बाजूंची एक आकृती होते. तिला अष्टफलक म्हणतात. डबीच्या आठ कोपऱ्यांवर कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम किंवा बेरियम यांचे मोठे अणू असतात. अशा डब्या एकीला एक लावून सर्व दिशांना रचीत जावे, म्हणजे पेरोव्स्काइटाचा स्फटिक तयार होतो.

कोपऱ्यावरचा अणू जागेला नेमका बसतो की सैल पडतो, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. व्हिक्टर गोल्डश्मिट यांनी 1926 साली त्याचा हिशोब करण्याची रीत घालून दिली. स्ट्रॉन्शियम जागेत चांगला बसतो. त्यामुळे सामान्य तापमानाला स्ट्रॉन्शियम टायटनेटची डबी काटकोनात चोख असते. कॅल्शियम लहान पडतो, म्हणून अष्टफलके थोडी कलतात. ज्याच्यावरून घराण्याला नाव मिळाले, तो मूळ पुरुषच काटकोनात बसत नाही, ही यातली गंमत! बेरियम मोठा असल्याने टायटॅनियमला हालचालीस अवकाश मिळतो, आणि सुमारे 120 अंश सेल्सिअसच्या खाली तो मध्यापासून जरासा सरकतो. या एवढ्याशा सरकण्यामुळे बेरियम टायटनेटला विलक्षण विद्युत्‌गुण येतात. त्याची रचना क्ष-किरणांनी उलगडून 1945 साली हेलन मेगॉ या विदुषींनी प्रसिद्ध केली. आज आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये जी शेकडो बारीक धारित्रे असतात, त्यांतल्या बहुतेकांत हाच पदार्थ आहे.

स्ट्रॉन्शियम टायटनेटची कथा तर आपल्या सराफकट्ट्यावर सांगण्याजोगी आहे. 1950 नंतरच्या दशकात अमेरिकेत त्याचे मोठे पारदर्शक स्फटिक बनवून हिऱ्याची नक्कल म्हणून विकीत असत. त्याचा वक्रीभवनांक 2.41 आहे, हिऱ्याचा 2.42. रंग फाकण्याचा गुण तर त्यात हिऱ्याच्या चौपटीहून अधिक. दोष एवढाच की पदार्थ मऊ. लवकर ओरखडे पडत. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण हा खडा चमकतो तो बाहेरचा उजेड परतवून. अंधारात नेला तर तो मुका.

चांगला स्फटिक मुका का?

याचे कारण समजण्यासाठी आपण एका दुमजली वाड्याची कल्पना करू. तळमजला इलेक्ट्रॉनांनी गच्च भरलेला आहे. वरचा मजला रिकामा आहे. आणि दोहोंच्या मध्ये जिना नाही, पायरी नाही, काहीच नाही. मजल्यांमधले हे अंतर ऊर्जेत मोजतात. बेरियम आणि स्ट्रॉन्शियम टायटनेटात ते सुमारे 3.2 इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. प्रकाशाची तरंगलांबी नॅनोमीटरांत घेऊन तिने 1240 ला भागले की त्या प्रकाशकणाची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते. या हिशोबाने 3.2 म्हणजे सुमारे 388 नॅनोमीटर, जांभळ्याच्याही पलीकडचा प्रकाश. डोळ्यांना दिसणाऱ्या कोणत्याही रंगाच्या अंगी इलेक्ट्रॉनाला वरच्या मजल्यावर नेण्याची ताकद नाही. म्हणून दिसणारा प्रकाश आरपार जातो. खडा पारदर्शक असतो आणि त्याची पूड पांढरी दिसते.

आता जंबुपार किरण टाकून इलेक्ट्रॉन वर चढवला, तर तळमजल्यावर त्याची जागा रिकामी राहते. तिला विवर म्हणतात. इलेक्ट्रॉन पुन्हा त्या विवरात उतरला आणि फरकाची ऊर्जा प्रकाशरूपाने दिली, की संदीप्ती होईल. परंतु चोख स्फटिकात वरचा मजला म्हणजे मोकळे मैदान. इलेक्ट्रॉन एकीकडे भटकतो, विवर दुसरीकडे. कोठे तरी एखादी अशी जागा असते की, जेथे इलेक्ट्रॉनाची ऊर्जा अणूंच्या थरथरीत, म्हणजे उष्णतेत, गडप होते. मोकळ्या मैदानात भटकणारा इलेक्ट्रॉन आज ना उद्या तेथे पोहोचतोच. शिवाय स्ट्रॉन्शियम टायटनेटसारख्या पदार्थांत वरून थेट खाली उडी घेण्यास अणूंच्या कंपनांचे साहाय्य लागते. ती उडी मुळातच दुर्मिळ. यास्तव सामान्य तापमानाला चांगल्या स्फटिकातून उजेड येत नाही म्हटले तरी चालेल.

मात्र हाच स्फटिक अतिशय थंड केला, तर तो हिरवट उजेड देऊ लागतो. त्याची तरंगलांबी 500 नॅनोमीटरांच्या आसपास असते. थंडीमध्ये अणूंची थरथर मंदावते. इलेक्ट्रॉन आपल्या भोवतीच्या अणूंना किंचित वाकवून स्वतःसाठी एक खळगा करतो आणि त्यातच बसून राहतो. विवर जवळ आले की दोहोंची गाठ पडते. यातून एक सूत्र हाती येते ते असे: उजेड हवा असेल तर इलेक्ट्रॉनाला भटकू देता कामा नये, त्याला कोठे तरी अडवले पाहिजे. थंडीने हे साधते. पण दिवा काही बर्फाहून थंड ठेवता येत नाही. दुसरा उपाय काय?

शिस्त मोडली, उजेड पडला

दुसऱ्या उपायाचा सुगावा प्रथम दुसऱ्याच एका पदार्थात लागला. सिलिकॉन हा उजेडाच्या कामी निरुपयोगी मानला जाई. 1990 साली इंग्लंडमधील ले कॅनहॅम यांनी दाखवले की, आम्लाने त्याला पोखरून अतिसूक्ष्म छिद्रांची चाळण केली, तर तो सामान्य तापमानाला लाल उजेड देतो. तेव्हापासून मुक्या मानलेल्या अनेक पदार्थांना संशोधकांनी पुन्हा बोलते करून पाहण्यास प्रारंभ केला. नॅनोस्फटिक बेरियम आणि स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या संदीप्तीची नोंद 1995 साली प्रसिद्ध झाली. आणि 2000 साली ब्राझीलमधल्या पिझानी, लेइटे, लाँगो प्रभृती संशोधकांनी अस्ताव्यस्त रचनेच्या टायटनेटांवर आपले निबंध प्रसिद्ध केले.

त्यांची कृती स्वयंपाकघराच्या भाषेत सांगता येते. टायटॅनियमचे आणि स्ट्रॉन्शियमचे क्षार सायट्रिक आम्लाच्या, म्हणजे लिंबाच्या आंबटाच्या, द्रावणात मुरवायचे. त्यात एथिलीन ग्लायकॉल घालून आटवायचे. पाक घट्ट होऊन राळेसारखा गोळा होतो. या रीतीचे एकस्व पेचिनी यांनी 1967 साली घेतले होते. हा गोळा भट्टीत तापवला की सेंद्रिय भाग जळून जातो आणि ऑक्साइड मागे राहते. आता भट्टी किती तापवावी यावर सारा खेळ आहे. साधारण सहाशे-सातशे अंशांपर्यंत नेली, तर अणू आपापल्या जागी जाऊन बसतात आणि नेटका स्फटिक तयार होतो. तत्पूर्वीच थांबलो, तर अणू अर्धवट जुळलेले राहतात. रचनेला शेजारधर्म असतो, पण लांबवरची शिस्त नसते. क्ष-किरणांच्या चित्रात नेटक्या स्फटिकाच्या तीक्ष्ण रेघा उमटतात. या अर्धवट पदार्थाचा मात्र एक पसरट उंचवटा दिसतो.

या पदार्थावर त्यांनी आर्गॉन लेसरचा 488 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश टाकला. आपल्या सूत्राने त्याची ऊर्जा होते 2.54. नेटक्या स्फटिकाला 3.2 लागतात, त्याच्यातून हा प्रकाश काहीही न घडता निघून जातो. अर्धवट पदार्थाने मात्र तो गिळला आणि सामान्य तापमानाला, दिसणारा, चांगला रुंद पट्ट्याचा उजेड परत केला. तोच पदार्थ पुन्हा भट्टीत घालून पूर्ण स्फटिक बनवला, की उजेड नाहीसा!

आपल्या वाड्याच्या उपमेत याचा अर्थ लावू. अणूंची शिस्त मोडली म्हणजे दोन मजल्यांच्या मध्ये जागोजाग पोटमाळे आणि कोनाडे तयार होतात. काही टायटॅनियम अणूंना सहाऐवजी पाचच ऑक्सिजन शेजारी मिळालेले असतात. क्ष-किरणांच्या शोषणावरून ही पाच आणि सहांची सरमिसळ ओळखता येते. जेथे शेजारी कमी, तेथे विजेचा समतोल ढळतो. एका जागी इलेक्ट्रॉन ओढला जातो, लगतच्या जागी विवर. म्हणून कमी ताकदीच्या प्रकाशानेही इलेक्ट्रॉन तळमजल्यावरून पोटमाळ्यावर चढू शकतो. आणि एकदा पोटमाळ्यावर गेला की तेथेच अडकतो. भटकून उष्णतेच्या खड्ड्यात पडत नाही. विवरही जवळच असते. दोघांची भेट होते, उजेड पडतो. सगळे पोटमाळे एकाच उंचीवर नसल्यामुळे उजेडही एका रंगाचा नसतो. अनेक रंगांचा रुंद पट्टा मिळतो.

मग शिस्त पुरतीच मोडली तर उजेड आणखी वाढेल काय? तसे होत नाही. पोटमाळे फार झाले की इलेक्ट्रॉन एकावरून दुसऱ्यावर उड्या मारीत पुन्हा भटकू लागतो आणि खड्डा गाठतो. भट्टीचे तापमान वाढवीत गेले की उजेड आधी वाढतो, एका टप्प्यावर शिखर गाठतो आणि मग मावळतो. पूर्ण गोंधळातही नाही आणि पूर्ण शिस्तीतही नाही. मधल्या संधीवर उजेड आहे.

कणांचा आकार आणि पृष्ठभागाचा हिशोब

हेच शिस्त न मोडताही एका मार्गाने साधते. स्फटिक लहान करीत न्यावा. येथे थोडा हिशोब आपण घरी करू शकाल. स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या एका डबीची बाजू 0.39 नॅनोमीटर आहे. एक मिलिमीटर बाजूचा कण घेतला, तर एका बाजूला पंचवीस लाखांवर डब्या लागतात, आणि पृष्ठभागावर येणाऱ्या डब्यांचे प्रमाण दहा लाखांत दोन-तीन एवढेच पडते. सुमारे 39 नॅनोमीटर बाजूचा कण घेतला, तर एका बाजूला 100 डब्या. एकूण दहा लाख. त्यांतल्या 58,808 पृष्ठभागावर, म्हणजे शेकडा सहा. आणि सुमारे 4 नॅनोमीटरांचा कण घेतला, तर एका बाजूला 10 डब्या, एकूण 1000. त्यांपैकी आत 512 आणि पृष्ठभागावर 488. जवळजवळ अर्धा पदार्थ पृष्ठभागच झाला!

पृष्ठभागावरच्या टायटॅनियमचा एक शेजारी हरवलेला असतो. म्हणजे अर्धवट भाजलेल्या पदार्थात जे पंचशेजारी अणू आपण पाहिले, त्यांचेच भाऊबंद येथे आपोआप भेटतात. शिवाय कण इवलासा असल्याने इलेक्ट्रॉन आणि विवर यांना दूर जाण्यास जागाच नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. 2023 साली बावेंडी, ब्रुस आणि एकिमोव्ह यांना ज्या ‘क्वांटम ठिपक्यां’साठी रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यांत कण लहान-मोठा केला की उजेडाचा रंगच बदलतो. टायटनेटांच्या कणांत आकाराचा परिणाम मुख्यतः पृष्ठभागाच्या द्वारे होतो. त्याचप्रमाणे वर्तमानपत्रांतून ज्या ‘पेरोव्स्काइट’ सौरघटांच्या वार्ता येतात, ते पदार्थ याच ठेवणीचे असले तरी त्यांत ऑक्सिजनाच्या जागी आयोडीन, ब्रोमीन असतात, आणि बहुधा शिसेही असते. ते फार तेजाने उजळतात. पण दमट हवा त्यांना मानवत नाही, आणि शिशाची भीती असते ती वेगळी. ऑक्साइडांची जात मात्र भट्टीतून निघालेली, पाण्या-पावसाला दाद न देणारी आहे.

क्योतोचा निळा उजेड

2005 साली जपानमधील क्योतो विद्यापीठाच्या संशोधकांनी आणखी एक पाऊल टाकले. स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या चोख, पारदर्शक स्फटिकावर त्यांनी आर्गॉनच्या आयनांचा मारा केला. त्या माऱ्याने पृष्ठभागाजवळचे काही ऑक्सिजन उडून गेले. मग त्यावर जंबुपार किरण टाकले असता सामान्य तापमानाला सुमारे 430 नॅनोमीटरचा निळा उजेड आला. जेवढ्या भागावर मारा झाला, तेवढाच भाग उजळला. म्हणजे मुखवटा ठेवून मारा केला, तर स्फटिकावर उजेडाची नक्षी काढता येते.

यातून घाईने असा निष्कर्ष निघाला असता की, ऑक्सिजनाची रिकामी जागा स्वतःच उजळते. परंतु पुढे असे दिसून आले की, ऑक्सिजन न काढता स्ट्रॉन्शियमच्या काही जागी लँथेनम किंवा टायटॅनियमच्या काही जागी नायोबियम बसवले, तरी तसाच निळा उजेड येतो. या दोन्हींत समान गोष्ट एकच: स्फटिकाला जादा इलेक्ट्रॉन मिळतात. ऑक्सिजन निघून जाताना दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून जातो; लँथेनम आणि नायोबियम आपल्या पदरचा एकेक देतात. तेव्हा खाली विवर निर्माण झाले की त्याला भेटण्यास इलेक्ट्रॉन आधीच हजर असतो. एकाच पदार्थातून थंडीत हिरवा, गोंधळात हिरवा-पिवळा-नारिंगी आणि ऑक्सिजन हरवल्यावर निळा उजेड येतो. आणि प्रत्येकाचे कारण निराळे. ‘दोष म्हणजे उजेड’ असे ठोकळेबाज वाक्य करून चालणार नाही, हा याचा बोध.

उजेड कोणाचा?

आता मी ज्याला या विषयाचा गाभा मानतो, त्याकडे वळतो. अंधाऱ्या खोलीत पूड उजळली म्हणजे टायटनेट उजळले, हे कशावरून? ती पूड लिंबाच्या आंबटापासून आणि सेंद्रिय राळेपासून बनली आहे. भट्टी कमी तापवली तर तिच्यात कार्बनाचा अवशेष उरणारच. आणि कार्बनाचा अवशेषही उजळू शकतो. 1997 साली अमेरिकेत सेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकेट आणि सेंद्रिय आम्ले यांच्यापासून अशी पूड केली की, जीत उजळणारा कोणताही धातू नसता पांढरा उजेड मिळाला. आणि त्याचे मूळ त्यांनी तीत राहिलेल्या कार्बनात शोधले. सायट्रिक आम्ल नुसते भाजून निळा-हिरवा उजेड देणारे कार्बनकण करणे हा तर आज विद्यार्थ्यांचा प्रयोग झाला आहे.

मंडळी, येथे संशोधकाची खरी परीक्षा आहे. अर्धवट भाजलेला पदार्थ उजळतो आणि पूर्ण भाजलेला विझतो. हे अर्धवट रचनेमुळे घडले, की भट्टीने कार्बन जाळून टाकल्यामुळे? दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत असतात. नुसत्या एका पुडीकडे पाहून निवाडा देता येत नाही. तो देण्यासाठी दुसरी वाट काढावी लागते. सेंद्रिय द्रव्याचा स्पर्शही होऊ न देता, पोकळीत लेसरने उडवून पातळ थर बसवावा आणि तो उजळतो का पाहावे. चांगला स्फटिक यांत्रिक खलात दळून त्याची शिस्त मोडावी आणि मग पाहावे. टायटॅनियम न घालता नुसती राळ तितकीच भाजून तिचा उजेड ताडून पाहावा. उजेड किती काळ टिकतो, कोणत्या लहरींनी जागा होतो, थंडीत कसा बदलतो, हे मोजावे. क्योतोच्या प्रयोगाचे मोल याच ठिकाणी आहे. तेथे राळ नव्हती, आंबट नव्हते. होता तो चोख स्फटिक आणि आर्गॉनचा मारा. म्हणून मोडलेल्या शिस्तीतून टायटनेट उजळू शकते, हे निर्विवाद. मात्र प्रत्येक पुडीतला प्रत्येक उजेड टायटनेटचा, असे मानणे हा भाबडेपणा होय.

हा प्रश्न केवळ पंडितांच्या वादाचा नाही. उजेड जर कार्बनाचा असेल, तर तो कालांतराने, उष्णतेने, हवेने विझेल. त्यावर कारखाना उभारणारा बुडेल. उजेड जर टायटनेटच्या रचनेचा असेल, तर ती रचना स्थिर कशी ठेवायची, हा पुढचा प्रश्न राहतो. कारण अर्धवट भाजलेला पदार्थ पुन्हा तापला की हळूहळू नेटका होऊ लागतो, आणि नेटका झाला की विझतो. श्रेय चुकीच्या खात्यावर मांडले, तर पुढचा सगळा जमाखर्च चुकतो.

उपयोग आणि मर्यादा

या उजेडाचे दिवे बाजारात मिळतात काय? मिळत नाहीत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. आरंभी सांगितलेली पिवळी पूड शंभर प्रकाशकण गिळून नव्वदांच्या आसपास परत देते. निव्वळ टायटनेटाचा उजेड अद्याप त्याच्या जवळपासही नाही; आणि तापमान वाढले की अडकलेले इलेक्ट्रॉन पोटमाळ्यावरून निसटतात आणि तो आणखी मंदावतो. जेथे टायटनेट खरोखर तेजाने उजळते, तेथे त्याला पाहुण्याची मदत घ्यावी लागते. कॅल्शियम टायटनेटात अगदी थोडे प्रेसिओडायमियम घातले, तर 612 नॅनोमीटरच्या आसपासचा शुद्ध लाल उजेड मिळतो आणि किरण बंद केल्यावरही तो काही वेळ रेंगाळतो. पण प्रेसिओडायमियम हेही विरल मृदा कुळातलेच! ते फार थोडे लागते, एवढेच समाधान.

तरीही आशा धरण्यास जागा आहे. टायटॅनियम हे पृथ्वीच्या कवचात विपुलतेने नववे मूलद्रव्य आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत ज्या इल्मेनाइटाचे साठे आहेत, ते लोह आणि टायटॅनियम यांचेच ऑक्साइड. फार काय, सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातही टायटॅनियमचे ऑक्साइड शेकडा दोन-तीन असते. आपल्या पायांखाली, घरांच्या जोत्यांत हे मूलद्रव्य पडून आहे. त्याच्यापासून शिशावाचून आणि परक्या देशाच्या परवान्यावाचून उजेड मिळवता आला, तर त्याचे मोल सांगावयास नको. ते साधेल की नाही, हे पाच अणूंच्या शेजाराचा आणि मूठभर कार्बनाचा हिशोब कोण किती प्रामाणिकपणे मांडतो, यावर ठरणार आहे.

बोलोन्याच्या चांभाराला सोने हवे होते आणि त्याला उजेड सापडला. त्याने तो उजेड लपवला नाही, आणि त्याला सोने म्हणून विकलेही नाही. घरी गेल्यावर दिवा लावाल, तेव्हा त्याच्या टोपणाआडच्या पिवळ्या ठिपक्याची एकदा आठवण करावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.